विनंती वाटेला लावणे

मराठीत ‘वाटेला लावणे’ आणि ‘वाट लावणे’ यांत अवघ्या एका ‘ला’चे अंतर आहे, परंतु त्या एका अक्षराने अर्थ किती पालटतो हे भोकरदनच्या श्रोत्यांस सांगावयास नको. सिल्लोडास निघालेल्या पाहुण्याला सिल्लोडच्या गाडीत बसवून दिले, म्हणजे आपण त्याला वाटेला लावले. आणि त्यालाच जालन्याच्या गाडीत बसविले, म्हणजे त्याची वाट लावली. संगणकाच्या जगात लोकांच्या विनंत्या वाटेला लावण्याचे जे काम अहोरात्र चालते, त्याला ‘राउटिंग’ असे नाव आहे. ते काम कसे चालते, आणि ते बिघडले म्हणजे कोणाची वाट लागते, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

आम्ही इंजिनियर नाही. आमची हयात कामगारांचे अर्ज लिहिण्यात, ते योग्य टेबलापर्यंत पोहोचविण्यात आणि न पोहोचलेल्या अर्जांचा माग काढण्यात गेली. पूर्वी अर्ज खिडकीतून आत जात असे. हल्ली तो मोबाइलच्या पडद्यावरून जातो. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली ती संकेतस्थळावरच. सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, बांधकाम कामगाराची नोंदणी, ही सारी कामे आता त्याच वाटेने होतात. खिडकी बदलली, तेव्हा नव्या खिडकीच्या आत काय चालते ते शिकून घेणे आम्हांस भाग पडले. पुस्तके वाचून, आणि ज्यांच्या हातांत हे काम आहे अशा तरुणांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजले, ते येथे मांडीत आहो.

प्रथम टपाल पाहू

विनंती वाटेला लावण्याची कला संगणकाच्या आधीची आहे. आपल्या टपालखात्याने ती केव्हाच साधली, आणि तिच्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे नामांकित कवी. पण नोकरी टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याची. देशात एकाच नावाची गावे अनेक, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले, कोणाचे अक्षर लागते तर कोणाचे लागत नाही. अशा पत्रांच्या ढिगातून वाट काढण्यासाठी त्यांनी सहा आकड्यांची योजना आखली, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. तीच आपली पिनकोडाची पद्धत.

भोकरदनचा पिनकोड ४३१११४. यातील पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढ्या मोठ्या विभागाचा. ४३ म्हटले की आपण महाराष्ट्रात आलो. ४३१ म्हटले की छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड या टापूत आलो. शेवटचे ११४ हे भोकरदनच्या टपाल कार्यालयाचे. कोलकात्यात पत्रे निवडणाऱ्या माणसाला भोकरदन केळणा नदीवर आहे की गोदावरीवर, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने पहिला आकडा पाहून पत्र योग्य पिशवीत टाकले की त्याचे काम संपले. पुढचा माणूस पुढचा आकडा वाचतो. सारा देश कोणालाच पाठ नसतो, आणि तरी पत्र बरोबर दारात येते.

या योजनेतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यातून निघून त्यात गेला. महसुलाचे कागद जालन्याच्या वाटेने जाऊ लागले. परंतु टपालाचा ४३१ हा गट दोन्ही जिल्ह्यांना सामाईकच आहे. म्हणजे एकाच गावापर्यंत पोहोचण्याच्या दोन खात्यांच्या दोन वाटा, आणि दोन्ही माणसांनी ठरविलेल्या. पत्ता आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा जमिनीवर असते. पत्ता हा तेथवर पोहोचण्यासाठी लोकांनी ठरवून घेतलेला संकेत असतो. आपल्या या प्राचीन भोगवर्धन नगराला पत्त्याचे महत्त्व नवे नाही. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील दात्यांची नावे गावाच्या नावासह कोरलेली आहेत, ती दोन हजार वर्षांपूर्वीची.

बारनिशीचा कारकून

आता संगणकाकडे वळू. मोबाइलवर आपण एखादा पत्ता उघडतो, तेव्हा आपला ब्राउझर दूरच्या एका संगणकाला एक छोटा मजकूर पाठवितो. या दूरच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मजकूर कसा लिहावयाचा याचे नियम टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते १९९१ या काळात बसविले. ते नियम पुढे वाढले, पण मूळ रूप साधेच राहिले. मजकुराच्या अगदी आरंभी दोन गोष्टी असतात: काय करावयाचे याचे क्रियापद, आणि कोठे जावयाचे याची वाट. क्रियापदे थोडकीच आहेत. ‘गेट’ म्हणजे ‘मला दे’. ‘पोस्ट’ म्हणजे ‘माझ्याकडून घे’. वाट लिहिताना टप्प्याटप्प्यावर तिरकी रेघ मारतात. नंतर संकेतस्थळाचे नाव येते, कारण एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे बिऱ्हाड करून असू शकतात. एकाच इमारतीत तहसील, कोषागार आणि दुय्यम निबंधक बसावेत तशी.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. घरात इंटरनेटसाठी जी पेटी बसवितात तिलाही राउटर म्हणतात. त्या पेटीचे काम मजकूर या गावाहून त्या गावाला नेण्याचे; टपालाच्या गाडीसारखे. आमचा विषय त्यापुढचा आहे. पत्र कचेरीच्या दारात आले. आता ते कोणत्या टेबलावर जावयाचे? सरकारी कचेरीत हे काम आवक बारनिशीचा कारकून करतो. तो अर्ज मंजूर करीत नाही, नामंजूरही करीत नाही. तो अर्जाचा विषय वाचतो आणि ज्या त्या टेबलाकडे तो पाठवितो. सर्व्हरच्या आत बसलेला हा बारनिशीचा कारकून म्हणजेच राउटर.

प्रत्येक संकेतस्थळासाठी हा कारकून नव्याने घडवावा लागत नाही. घर बांधताना चौकटी आणि दारे तयार मिळतात, त्याप्रमाणे संकेतस्थळाचा तयार सांगाडा मिळतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. रेल्स हे फ्रेमवर्क २००४ साली लोकांपुढे आले. जँगो २००५ साली आले. त्याचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. फ्लास्क आणि एक्सप्रेस ही दोन्ही २०१० सालची. भाषा निराळ्या, ढब निराळी. परंतु प्रत्येकात वाटांचा एक तक्ता हा असतोच. तक्ता माणूस लिहितो, आणि यंत्र तो वाचते.

तक्ता कसा असतो

समजा, कामगारांच्या एका संघटनेने आपले संकेतस्थळ केले. त्याचा तक्ता असा असेल:

दे, /सभा/ : येत्या सभांची यादी दाखवा.
दे, /सभासद/नवीन/ : कोरा अर्ज दाखवा.
घे, /सभासद/नवीन/ : भरलेला अर्ज स्वीकारा.
दे, /सभासद/(क्रमांक)/ : त्या क्रमांकाच्या सभासदाचे पान दाखवा.

पहिल्या तीन ओळी पक्क्या शब्दांच्या आहेत. चौथीत मात्र एक मोकळी जागा ठेविलेली आहे. कोणी /सभासद/२७/ असे मागितले, तर राउटर २७ हा आकडा उचलतो आणि सभासदांचे पान काढणाऱ्या विभागाच्या हाती देतो. हजार सभासदांसाठी हजार ओळी लिहाव्या लागत नाहीत, एका ओळीत भागते. त्या मोकळ्या जागेत काय बसेल याचीही अट घालता येते. ‘येथे केवळ आकडे चालतील’ अशी अट असली, तर /सभासद/गणपत/ ही विनंती त्या ओळीशी जुळत नाही, आणि राउटर पुढे जातो.

पुढे जातो म्हणजे काय? जँगोचा राउटर तक्ता वरून खाली वाचतो, आणि जी ओळ पहिल्यांदा जुळेल तेथेच थांबतो. एक्सप्रेसचीही रीत क्रमानेच चालण्याची. म्हणून ओळींचा क्रम फार महत्त्वाचा. ‘सभासद/(काहीही)’ अशी सैल ओळ कोणी वर लिहिली आणि ‘सभासद/नवीन’ ही पक्की ओळ खाली राहिली, तर काय होईल? नव्या सभासदाने कोरा अर्ज मागितला की यंत्र ‘नवीन’ नावाचा सभासद शोधू लागेल! पक्की ओळ तक्त्यात डोळ्यांसमोर असते, आणि तिच्यापर्यंत कोणीच पोहोचत नाही. फ्लास्कमध्ये, आणि गो भाषेच्या फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीपासून तिच्या स्वतःच्या राउटरमध्येही, रीत वेगळी आहे: ओळ कोठेही लिहिलेली असो, अधिक नेमकी ओळ जिंकते. कायद्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. विशेष नियम आणि सामान्य नियम यांत विरोध आला, तर विशेष नियम चालतो.

ओळी चार-पाच असल्या तर एकेक वाचीत गेले तरी चालते. त्या हजारोंनी असल्या, आणि क्षणाक्षणाला शेकडो विनंत्या येऊ लागल्या, म्हणजे वेलणकरांचीच युक्ती कामी येते. अनेक राउटर तक्त्याचे झाड करून ठेवितात. ‘सभासद’ ने सुरू होणाऱ्या साऱ्या ओळी एका फांदीवर, ‘सभा’ च्या दुसरीवर. सामाईक आरंभ एकदाच वाचावयाचा आणि मग फक्त त्या फांदीवर पुढे सरकावयाचे. पिनकोडातही पहिला ४ पाहिल्यावर बाकीचा देश मनातून काढून टाकता येतो, तसेच हे.

फाटक आणि क्रियापद

गिरणीत काम केलेल्यांना फाटकाचा अनुभव असतो. खात्यात जाण्यापूर्वी पास दाखवावा, हजेरी लावावी. सुटताना त्याच टप्प्यांतून उलट्या क्रमाने बाहेर पडावे. फ्रेमवर्कातही विनंती तक्त्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी अशी फाटके असतात. एक फाटक विनंतीची नोंद करते, एक मागणारा कोण ते ओळखते, एक मजकुरात काही लबाडी नाही ना ते तपासते. जँगोत ही फाटके विनंती आत जाताना वरून खाली आणि उत्तर बाहेर येताना खालून वर अशी ओलांडावी लागतात. एखाद्या फाटकानेच परत पाठविले, तर तक्ता उघडलाही जात नाही.

क्रियापदाचेही तारतम्य सांगितले पाहिजे. ‘दे’ म्हटल्याने सर्व्हरवरील काहीही बदलता कामा नये, असा या व्यवहाराचा मूळ नियम आहे. याद्या दहा वेळा मागितल्या तरी यादी तीच राहावी. ‘घे’ ची गोष्ट वेगळी. भरलेला अर्ज दोनदा पाठविला तर दोन अर्ज होऊ शकतात, पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणूनच पैसे भरताना पान पुन्हा ताजे करू नका अशी सूचना येते. ती मुकाट पाळावी. जँगोचा तक्ता क्रियापद पाहत नाही, ते काम पुढच्या विभागाकडे सोपवितो. फ्लास्क, रेल्स आणि एक्सप्रेस यांत क्रियापद तक्त्यातच लिहिता येते. पण कोठेतरी ते पाहिले गेलेच पाहिजे.

परतीचे आकडे

प्रत्येक विनंतीला सर्व्हर तीन आकडी संकेत देतो. येथेही पिनकोडासारखीच सोय आहे: पहिला आकडा वर्ग सांगतो. २ म्हणजे काम झाले. ३ म्हणजे दुसरीकडे जा. ४ म्हणजे मागणाऱ्याच्या विनंतीत दोष आहे. ५ म्हणजे विनंती ठीक असेल, पण दोष सर्व्हरचा आहे.

यांतील काही आकडे प्रत्येक नागरिकाने पाठ करावेत इतके उपयोगाचे आहेत. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, हा घ्या नवा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर २०२३ मध्ये झाले. जुन्या नावाने पत्र आले तरी पोस्टमनला ते समजते, कारण तो माणूस आहे. यंत्राला ते आपोआप समजत नाही. जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहून ठेविणारी ओळ तक्त्यात कोणीतरी घालावी लागते. ४०३ म्हणजे दार आहे, पण तुम्हांस आत येण्याची परवानगी नाही. ४०५ म्हणजे दार आहे, पण तुमचे क्रियापद येथे चालत नाही. हा ४०५ आम्हांस विशेष आवडतो. तो देताना येथे कोणती क्रियापदे चालतात ही यादी सोबत जोडलीच पाहिजे, असे नियमातच आहे. नकार द्यावयाचा तर मार्गही दाखवावयाचा! कितीतरी कचेऱ्यांना हा धडा घेता येईल. ५०० म्हणजे आत काहीतरी मोडले. ५०३ म्हणजे सध्या काम करण्याच्या अवस्थेत नाही, थोड्या वेळाने या.

आणि सर्वांत प्रसिद्ध तो ४०४: सापडले नाही. तक्ता शेवटपर्यंत वाचला, एकही ओळ जुळली नाही, म्हणजे राउटर हा आकडा लावून विनंती परत करतो. ओळ जुळली, विभागाने दप्तर उघडले आणि आत त्या क्रमांकाचा कागद नव्हता, तरीही पुष्कळदा हाच ४०४ येतो. दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच आकडा. आमचे सारे सांगणे या गाठीपाशी येऊन ठेपते.

नाव नाही की दार नाही?

आमच्या ओळखीचा एक गवंडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सुविधा केंद्रात गेला. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा वय १८ ते ६० असावे लागे, आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागे. दोन्ही अटी त्याच्या पुऱ्या होत्या, दाखला खिशात होता. केंद्रचालकाने एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याचा जुना क्रमांक घातला, आणि पडद्यावर ४०४ उमटला. “मामा, यादीत तुमचं नावच नाही,” केंद्रचालकाने सांगितले. मामा परतले, आठवड्याने पुन्हा आले, पुन्हा तेच ऐकून गेले. दोन दिवसांचे खाडे झाले आणि मनाला खात्री पटली की आपले नाव कोणीतरी कापले.

तिसऱ्या खेपेस आम्ही सोबत गेलो आणि पडद्याच्या माथ्यावरील पत्त्याची ओळ वाचली. जुन्या क्रमांकांची आपल्याकडील रीत सर्वांना माहीत आहे: आधी अक्षर, मग तिरकी रेघ, मग आकडा, पुन्हा तिरकी रेघ, मग साल. ते संकेतस्थळ हा क्रमांक जसाच्या तसा पत्त्याच्या वाटेत चिकटवीत होते. वर सांगितल्याप्रमाणे वाटेतील तिरकी रेघ ही टप्प्याची खूण. तेव्हा एक क्रमांक यंत्राला तीन टप्प्यांचा दिसला. तक्त्यात एका टप्प्याची ओळ होती, तीन टप्प्यांची नव्हती. झाले, सापडले नाही!

म्हणजे यादी कोणी पाहिलीच नव्हती. यादीत मामांचे नाव आहे की नाही, यासंबंधी यंत्राने अवाक्षरही काढले नव्हते. बारनिशीच्या कारकुनाला लिफाफ्यावरचा पत्ता लागला नाही, एवढीच घटना. केंद्रचालकाने तिचा अर्थ ‘नाव नाही’ असा लावला, आणि मामांनी ‘नाव कापले’ असा. आम्ही पडद्याचे छायाचित्र, पत्त्याची पूर्ण ओळ आणि जुन्या पुस्तिकेची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि दोष कोठे आहे ते दोन वाक्यांत लिहिले. काही आठवड्यांनी क्रमांक पत्त्यात न जाता वेगळ्या चौकटीत जाऊ लागला, आणि मामांचे पान उघडले. नाव यादीत होतेच. असा दोष दूर करणे कठीण नसते. तिरक्या रेघेला पत्त्यात पाठविण्याचे वेगळे सांकेतिक रूप आहे. जँगोत तर मोकळ्या जागेत तिरक्या रेघा चालतील असे सांगणारा खास प्रकारही आहे. प्रश्न एवढाच की क्रमांकांत रेघा असतात ही गोष्ट तक्ता लिहिणाऱ्याला कोणी सांगितली होती काय?

पोच नाही, तर मुदतही नाही

कोणी म्हणेल, दोन खाडे पडले, काम तर झाले. एवढा विस्तार कशाला? विस्तार अशासाठी की यात हक्काचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी दिले पाहिजे. आणि त्यावर अपील करता आले पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. मुदतीचे घड्याळ पोच मिळाल्यावर चालू होते. आता ४०४ होऊन परत आलेल्या विनंतीकडे पाहा. ती कोणत्याही टेबलावर पोहोचली नाही. तिला पोच नाही. पोच नाही म्हणून मुदत नाही. कोणी फेटाळली नाही म्हणून कारण नाही, आणि कारण नाही म्हणून अपील नाही. नकार मिळालेल्या माणसाला भांडावयास निदान एक कागद असतो. वाटच न मिळालेल्या माणसाच्या हातात काही नसते. अर्ज हा अर्ज ठरतो की नाही, याचा पहिला निवाडा तक्त्याच्या दारात होतो, आणि तो निवाडा करणाऱ्याला आपण निवाडा करीत आहोत याची जाणीवही नसते.

त्यातून आकड्याची भाषा अशी की ४ ने सुरू होणारा दोष मागणाऱ्याच्या माथी. पुष्कळदा तो खराही असतो. पत्ता चुकीचा टंकला जातो. परंतु एखाद्या खात्याने आपली पाने हलविली, जुन्या पत्त्यांसमोर ३०१ ची ओळ घातली नाही, तर मागणाऱ्याने कालच्याच खऱ्या पत्त्यावर जाऊनही आज त्याला चुकीचे ठरविले जाते. पत्ते उगाच बदलू नयेत, असे खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लेख लिहून बजावले होते. फ्रेमवर्कांत त्याची सोयही आहे: प्रत्येक वाटेला एक नाव देता येते, आणि पानापानांवर पत्ता न लिहिता ते नाव लिहिता येते. वाट बदलली तरी तक्त्यातील एक ओळ बदलून आतील सारे दुवे सुधारतात. बाहेरच्या लोकांनी लिहून ठेविलेले जुने पत्ते मात्र ३०१ नेच सांभाळावे लागतात. भिंतीवर, पत्रकावर, शाळेच्या वहीत उतरविलेला पत्ता आपोआप सुधारत नाही.

काय करावे

पहिली गोष्ट, पडद्यावर नकार दिसला की तोंडी अर्थावर विसंबू नये. आकडा कोणता, पत्त्याची पूर्ण ओळ काय, दिवस आणि वेळ कोणती, हे लिहून घ्यावे किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे. ४०३ ला परवानगीचा प्रश्न विचारावा, ५०० ला दुरुस्तीचा, आणि ४०४ ला हा: दार नाही, की दारामागे नाव नाही? हा एक प्रश्न नीट विचारला की पुष्कळांच्या खेपा वाचतील.

दुसरी गोष्ट, सुविधा केंद्रे चालविणाऱ्या तरुणांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. समोरच्या माणसाने रोज बुडवून तुमच्या खुर्चीपुढे रांग धरली आहे. त्याला ‘नाव नाही’ असे सांगण्यापूर्वी यादी खरोखर उघडली होती काय, हे पाहा. संकेतस्थळ बिघडले असेल तर ‘संकेतस्थळ बिघडले आहे’ असेच सांगा. त्या एका वाक्याने माणसाची झोप उडावयाची राहते.

तिसरी गोष्ट, संकेतस्थळे करविणाऱ्या कार्यालयांसाठी. तक्ता हा आता कामकाजाच्या नियमावलीचाच भाग झाला आहे. कारखान्याचे स्थायी आदेश ठरविताना कामगारांचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत आहे. तक्ता लिहितानाही ज्यांचे अर्ज त्यातून जावयाचे, त्यांच्या पुस्तिका, त्यांचे क्रमांक, त्यांच्या नावांची लिहिण्याची रीत एकदा पाहून घ्यावी. न जुळलेल्या विनंत्यांची नोंद सर्व्हरवर ठेवता येते. ती महिन्यातून एकदा वाचावी. तीच ती वाट न सापडलेल्या माणसांची यादी होय. ४०४ च्या पानावर साध्या मराठीत लिहावे: ‘हा पत्ता आमच्याकडे नाही. यावरून तुमची नोंद नाही असे समजू नका.’ खाली चौकशीचा क्रमांक द्यावा. आणि कागदी अर्जाची खिडकी पुरती बंद करू नये.

आज शाळा-कॉलेजांतील जी मुले येथे बसली आहेत, त्यांतील काही उद्या असे तक्ते लिहितील. पुण्यात लिहितील, कदाचित भोकरदनात बसूनही लिहितील. तक्त्याची एक ओळ लिहावयास अर्धा मिनिट लागतो. ती लिहिताना मुलांनी एवढेच मनाशी विचारावे की या ओळीत न बसणारा माणूस कोण असेल, आणि तो आला तर त्याला आपण कोठे पाठविणार आहो.